मसाल्याच्या दुकानातला शपथविधी

न्यू यॉर्कला जाणं झालं की गोड्या मसाल्याचं सामान मी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या कलुस्त्यान या दुकानातून आणते. न्यू जर्सीत आमच्या आसपास देशी दुकानांची कमी नाही, पण नागकेशर आणि दगडफूल तिथलंच घ्यायचं अशी सवय पडली आहे. इमारतीचा क्रमांक १२३. कितीतरी वर्षं मी त्या दारातून आत-बाहेर केलं आणि दाराजवळची ब्राँझची पाटी कधी वाचली नाही. एकदा पावसात आडोशाला थांबले होते, तेव्हा वाचली. २० सप्टेंबर १८८१ च्या पहाटे दोनच्या पुढं याच घरात चेस्टर आर्थर यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची शपथ घेतली. तेव्हा हे त्यांचं राहतं घर होतं.

माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. मी स्वतः इथं एका काउंटीच्या पाणीपुरवठा विभागात काम करते आणि या नोकरीला लागले ती स्पर्धा परीक्षेच्या यादीतून. त्यामुळं सरकारी नोकरी कशी मिळते आणि मिळाल्यावर तिचं काय होतं, हा प्रश्न मला घरातूनच लागलेला आहे. आर्थर यांच्याबद्दल वाचत गेले ती त्या पाटीमुळं. लिहायला बसले ती मात्र गेल्या दिवाळीतल्या एका वादामुळं.

व्हिडिओ कॉलवर सगळं घर जमलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "तुमच्याकडं बघ, एका फटक्यात हजारो सरकारी माणसं घरी बसवली. आपल्याकडं हेच पाहिजे. एकदा परीक्षा देऊन चिकटले की अठ्ठावन्नपर्यंत हलत नाहीत." माझा पुतण्या पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत तीन वर्षं बसतो आहे. तो म्हणाला, "काका, आधी चिकटू तर द्या. जाहिरात निघत नाही, निघाली तर तारीख पुढं जाते, परीक्षा झाली तर पेपर फुटल्याची बातमी येते." मग त्याच्या आणि काकांच्या आवाजात बाकी कोणाचं काही ऐकू येईना. बाबा कोपऱ्यात बसून होते. ते काही बोलले नाहीत.

मला दोघांशीही बोलायचं आहे. अमेरिकेकडं बोट दाखवायचंच असेल तर आधी तिच्या त्या पन्नासेक वर्षांकडं दाखवावं, जेव्हा सरकारी माणूस घरी बसवणं हा इथला रिवाज होता.

१८२९ मध्ये अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाले आणि त्यांनी सरकारी पदं आलटून पालटून द्यायचं तत्त्व मांडलं. त्यामागं एक विचार होता, आणि तो वाईट नव्हता. सरकारी काम साधं आहे, कुठल्याही समंजस माणसाला जमेल असं आहे, मग ते मूठभर खानदानी घरांच्या हातात कायमचं का राहावं, असं ते म्हणत. तीन वर्षांनी सिनेटर विल्यम मार्सी यांनी तेच उघड शब्दांत सांगितलं: शत्रूकडची लूट जिंकणाऱ्याच्या मालकीची असते. तेव्हापासून या पद्धतीला लुटीची पद्धत हेच नाव पडलं. पक्ष बदलला की पोस्टमास्तरापासून जकात नाक्यावरच्या वजन करणाऱ्यापर्यंत सगळे बदलायचे. पदं खिरापतीसारखी वाटली जायची.

या खिरापतीचं सगळ्यात मोठं ताट न्यू यॉर्कचं जकात कार्यालय होतं. कायमचा आयकर नव्हता, केंद्र सरकारचं पोट मुख्यतः आयात जकातीवर भरायचं आणि त्या जकातीतला मोठा हिस्सा या एका बंदरात गोळा व्हायचा. वॉल स्ट्रीटवरच्या त्या कार्यालयात हजाराहून जास्त माणसं होती. १८७१ पासून त्यांचे मुख्य होते चेस्टर आर्थर आणि आर्थर यांचे राजकीय धनी होते सिनेटर रॉस्को काँकलिंग. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या पगारातून पक्षासाठी ठरावीक टक्के घेतले जात. निवडणूक आली की पक्षाचं काम करावं लागे. नाही केलं तर खुर्ची गेली.

त्यावर आणखी एक सोय होती. चुकीची जकात पकडली की दंडाचा वाटा अधिकाऱ्यांच्या खिशात जायचा. १८७३ मध्ये फेल्प्स, डॉज या धातूच्या व्यापाऱ्यांवर मालाची किंमत कमी दाखवल्याचा आरोप ठेवून २ लाख ७१ हजार डॉलर वसूल केले गेले. सरकारचं खरं नुकसान दोन हजार डॉलरहूनही कमी असल्याचं नंतर पुढं आलं. त्या रकमेतला वाटा आर्थर आणि त्यांच्या दोन सहकारी अधिकाऱ्यांना मिळाला. त्या काळात आर्थर यांची वर्षाची कमाई ५०,००० डॉलरच्या वर जायची. ती सगळी कायद्यानं वैध होती, आणि मला तेच सगळ्यात भयंकर वाटतं. १८७४ मध्ये ही वाटणी कायद्यानं बंद झाली.

अध्यक्ष हेज यांनी १८७७ मध्ये चौकशी लावली, कर्मचाऱ्यांकडून पक्षवर्गणी घ्यायला मनाई केली आणि वर्षभराच्या झगड्यानंतर जुलै १८७८ मध्ये आर्थर यांना पदावरून दूर केलं. दोनच वर्षांनी पक्षाच्या दोन गटांत समेट म्हणून त्याच आर्थर यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळाली. काढून टाकलेला माणूस तीन वर्षांच्या आत देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर. हे वाचताना मराठी वाचकाला आपल्याकडची चार नावं आठवतील. मी लिहीत नाही, ती तुमची तुम्हाला ठाऊक आहेत.

पुढचं पुष्कळांना माहीत असतं. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात चार्ल्स गिटो नावाच्या माणसानं अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. पक्षासाठी भाषण केलं म्हणून आपल्याला पॅरिसमधल्या वाणिज्यदूताचं पद मिळायला हवं, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. पकडताना तो म्हणाला की मी स्टॉलवर्ट आहे आणि आता आर्थर अध्यक्ष होतील. स्टॉलवर्ट म्हणजे काँकलिंग आणि आर्थर यांचा गट. गारफिल्ड १९ सप्टेंबरला गेले आणि त्याच रात्री उशिरा आजच्या मसाल्याच्या दुकानाच्या जागी तो शपथविधी झाला.

याच दिवसांत आर्थर यांना एक पत्र आलं होतं. लिहिणारी ज्युलिया सँड ही न्यू यॉर्कची एक आजारी, अविवाहित बाई. ती त्यांना ओळखत नव्हती. लोक तुमच्याबद्दल काय बोलतात ते तिनं स्पष्ट लिहिलं आणि सुधारा, अजून वेळ आहे, असंही लिहिलं. तिची तेवीस पत्रं आज उपलब्ध आहेत. एकदा आर्थर स्वतः तिच्या घरी जाऊन तिला भेटून आले. मृत्यूपूर्वी त्यांनी आपले बहुतेक सगळे कागद जाळायला लावले, पण ही पत्रं त्यांच्या कुटुंबाकडं राहिली आणि १९५८ मध्ये नातवाकडं सापडली. एका पत्रानं माणूस बदलतो असं मी म्हणणार नाही. पण ज्यानं सगळं जाळलं त्यानं ही तेवीस पत्रं ठेवली होती, ही गोष्ट मला वारंवार आठवते.

१६ जानेवारी १८८३ रोजी आर्थर यांनी पेंडलटन कायद्यावर, म्हणजे सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी परीक्षेनं द्यायच्या कायद्यावर, सही केली. ज्यांच्या नावानं तो ओळखला जातो ते ओहायोचे सिनेटर जॉर्ज पेंडलटन विरोधी, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचे. मसुदा डॉर्मन ईटन या वकिलांचा. आणि कायदा इतक्या घाईनं मंजूर झाला त्याचं कारण केवळ गारफिल्ड यांच्याबद्दलचा शोक नव्हतं. १८८२ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षानं प्रतिनिधिगृह गमावलं. पुढची अध्यक्षपदाची निवडणूकही जाईल आणि आपली माणसं उचलून फेकली जातील, ही भीती त्यांना होती. माणसं वाचवायची तर खुर्च्या कायद्यानं पक्क्या करणं भाग होतं. स्वार्थ होता, पण तो त्या दिवशी योग्य बाजूला उभा राहिला. पेंडलटन यांना मात्र त्यांच्याच पक्षानं पुन्हा सिनेटवर पाठवलं नाही.

परीक्षेची कल्पना इथं आली ती एका अर्थानं हिंदुस्थानच्या वाटेनं. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी आपापल्या भाच्या-पुतण्यांना नोकऱ्या द्यायच्या, ही रीत १८५३ च्या सनदी कायद्यानं संपली आणि १८५५ मध्ये लंडनला पहिली खुली परीक्षा झाली. खुद्द इंग्लंडमधल्या खात्यांत खुली स्पर्धा १८७० मध्ये आली. ईटन यांनी ब्रिटिश पद्धतीचा अभ्यास करून जे लिहिलं त्यात हिंदुस्थानातल्या सनदी सेवेचाही विचार आहे. पण आपल्या लोकांसाठी ती परीक्षा लंडनला होती. १८७० च्या दशकात वयोमर्यादा १९ वर आणली गेली. १८८५ मध्ये मुंबईला भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनानं हिंदुस्थानातही एकाच वेळी परीक्षा घ्या अशी मागणी केली आणि ती पुरी व्हायला १९२२ उजाडलं. प्रश्नपत्रिका निष्पक्ष असली तरी परीक्षा कुठं, कधी, कितव्या वर्षी घेता यावरच दार कुणाला उघडं राहणार ते ठरतं. माझ्या पुतण्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. परीक्षेच्या तारखांसाठी पुण्याच्या रस्त्यावर तो स्वतः बसलेला आहे.

पेंडलटन कायदा मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा परीक्षेच्या कलमापाशी फारशी रेंगाळले नाही. ते अपेक्षित होतं. परीक्षा प्रत्यक्ष कामाशी संबंधित असावी असं त्यात म्हटलं आहे, ते चांगलंच आहे. वॉशिंग्टनमधल्या जागा राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटाव्यात असंही आहे. गुणवत्ता आणि प्रतिनिधित्व एकमेकांचे वैरी आहेत असं आपल्याकडं जे छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हे कलम जरूर बघावं. अमेरिकेच्या गुणवत्तेच्या पहिल्या कायद्यातच प्रतिनिधित्वाची तरतूद आहे. एका घरातले दोघं सरकारी नोकरीत असतील तर तिसऱ्याला घेऊ नये, असंही त्यात लिहिलं आहे.

मी थांबले ती दहाव्या कलमापाशी. परीक्षा देणाऱ्या उमेदवारासाठी सिनेटर किंवा प्रतिनिधिगृहाच्या सदस्यानं दिलेली शिफारस, चारित्र्य आणि रहिवास एवढ्या दोन गोष्टी सोडून, स्वीकारायची नाही आणि विचारात घ्यायची नाही. त्याच्याच आगेमागे दुसरी कलमं: कर्मचाऱ्याकडून पक्षासाठी पैसे मागायचे नाहीत, सरकारी इमारतीत तर मुळीच नाही, आणि दिले नाहीत म्हणून त्याला काढायचं नाही, खालच्या जागेवर टाकायचं नाही. कायद्याच्या काही महिनेच आधी, १८८२ च्या उन्हाळ्यात, सत्ताधारी पक्षाच्या समितीचे प्रमुख हबल यांनी सरकारी कर्मचाऱ्यांना पत्रं धाडून पगाराच्या दोन टक्क्यांची 'ऐच्छिक' वर्गणी मागितली होती. ज्यांनी दिली नाही त्यांना दुसरं पत्र गेलं. त्या दुसऱ्या पत्राची भीती ज्यानं पाहिली असेल, त्यालाच या कलमांचं मोल कळेल.

आमच्या घरानं ती भीती पाहिली आहे. मी सातवीत होते. बाबांच्या हाताखाली एका कालव्याच्या अस्तरीकरणाचं काम चालू होतं. ठेकेदारानं दाखवलेली जाडी आणि प्रत्यक्षातली जाडी यात फरक होता, म्हणून त्यांनी एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीवर, सही केली नाही. आठवडाभर घरी माणसं येत राहिली. आधी समजावणारी, मग नुसती बसून राहणारी. नोव्हेंबरात बदलीची ऑर्डर आली, ४०० किलोमीटर लांबची. कारण लिहिलं होतं, 'प्रशासकीय कारणास्तव'. माझी सहामाही नुकतीच झाली होती, धाकट्या भावाचा दमा वाढला होता, आजी अंथरुणावर होती. आई आम्हाला घेऊन तिथंच राहिली आणि बाबा एक बॅग आणि स्टोव्ह घेऊन गेले. पुढच्या नऊ वर्षांत अशा पाच ऑर्डरी आल्या.

बाबांना नोकरीवरून कोणी काढलं नाही. चौकशीशिवाय कोणी काढूही शकत नव्हतं, राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचं कवच होतं. परीक्षा आणि मुलाखत देऊन रीतसर लागले होते. म्हणजे पुढचं दार चोख होतं आणि मागचंही बंद होतं. तरीही त्यांच्या खात्यातल्या प्रत्येक माणसाला कळलं की सही न केल्यावर काय होतं. त्यांच्या जागी जे आले त्यांनी सही केली.

एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या सुधारकांचा हिशेब असा होता की पुढचं दार नीट राखलं की मागच्या दाराची काळजी करायला नको. नवा माणूस परीक्षेनंच येणार असेल तर जुन्याला काढून कोणाला काय मिळणार? म्हणून १८८३ च्या कायद्यात वर्गणीचं कारण सोडलं तर नोकरीवरून काढण्याला फारसा अटकाव नव्हता. तो नंतर आला, १८९७ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या आदेशानं आणि १९१२ मध्ये कायद्यानं. आपल्याकडं हे दोन्ही अडसर पहिल्यापासून पक्के होते, आणि तिसरं दार उघडं होतं. बदली. काढता येत नाही, पण हलवता येतं. मलईदार पोस्टिंग आणि साईड पोस्टिंग हे शब्द ज्या राज्यात शेंबड्या पोरालाही कळतात, तिथं लुटीची पद्धत परीक्षेनं संपली असं कसं म्हणायचं? न्यू यॉर्कचा कारकून पगाराचे दोन टक्के देऊन खुर्ची राखायचा. आपल्याकडं खुर्चीचाच दर निघतो, आणि तो दर भरून आलेला माणूस वसूल कुणाकडून करतो ते सातबाऱ्यासाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला विचारा.

महाराष्ट्रानं यावर कायदा केला, हे मी विसरलेले नाही. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं तीन वर्षांचा सर्वसाधारण कालावधी ठरवला, बदल्या एप्रिल-मेमध्ये करा म्हटलं, मध्येच करायची तर लेखी कारण आणि वरिष्ठांची मान्यता हवी म्हटलं. २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नागरी सेवा मंडळं नेमायला सांगितलं आणि तोंडी आदेशांवर काम करू नका, ते लेखी नोंदवा असं बजावलं. आज मुदतीआधीच्या बदलीविरुद्ध कर्मचारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात आणि जिंकतातही. बाबांच्या वेळी यातलं काही नव्हतं. पण कायद्यातली 'विशेष कारणं' आणि 'अपवादात्मक परिस्थिती' ही फट एवढी रुंद आहे की त्यातून अख्खा ट्रक जातो. आणि शिफारसपत्राचं काय? आपल्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत कर्मचाऱ्यानं राजकीय वजन आणू नये असं आहे. म्हणजे दोष पत्र आणणाऱ्याचा. पत्र देणारा मोकळा, आणि ते घेऊन फाइलला लावणारं कार्यालयही मोकळं. अमेरिकेतलं दहावं कलम कार्यालयाला सांगतं की तो कागद घ्यायचाच नाही. मला हा फरक फार मोठा वाटतो.

पुतण्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, पत्र घेतलं नाही तर फोन करायला किती वेळ लागतो?" बरोबर आहे त्याचं. इथंही पळवाटा निघाल्या. पेंडलटन कायद्यात सुरुवातीला दहा टक्क्यांच्या आसपासच पदं होती, बाकीच्या ठिकाणी लूट चालूच राहिली. १८८५ नंतर अध्यक्ष क्लीव्हलंड यांच्या राजवटीत हजारो पोस्टमास्तर बदलले गेले. कारकुनांकडून पैसे मिळेनात तेव्हा पक्ष कंपन्यांकडं वळले. १८९६ मध्ये रिपब्लिकन प्रचाराचे प्रमुख मार्क हॅना यांनी बँकांवर भांडवलाच्या पाव टक्का अशी वर्गणी बसवली. कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घालायला १९०७ उजाडलं. लूट एका खोलीतून हाकलली की ती दुसऱ्या खोलीत जाते. म्हणून २०२३ मध्ये राज्य सरकारनं खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. विरोधानंतर तो रद्द झाला, पण ती वाट कायमची बंद झाली असं मी मानत नाही. कंत्राटी माणसाला ना परीक्षेचं बळ, ना ३११ चं. त्याला दुसरं पत्र पाठवायचीही गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय अमेरिकेचं नाव घेणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. परीक्षेमुळं वॉशिंग्टनमध्ये बऱ्याच कृष्णवर्णीय माणसांना कारकुनी मिळाली होती, कारण गुण देणाऱ्याला रंग दिसत नव्हता. १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले. ते मोठे विद्वान, प्रशासनशास्त्राच्या पायाभूत लेखकांत गणले जाणारे. त्यांच्या कारकिर्दीत टपाल आणि कोषागार खात्यांत रंगानुसार बसायच्या जागा वेगळ्या झाल्या आणि १९१४ पासून अर्जाबरोबर फोटो मागायला सुरुवात झाली. तो नियम १९४० पर्यंत होता. परीक्षेचा एकही प्रश्न बदलला नाही, फक्त एक फोटो चिकटवायला सांगितलं. जातीच्या दाखल्यावरून आणि मुलाखतीतल्या गुणांवरून आपल्याकडं जे वाद होतात, त्यात मला हा फोटो नेहमी दिसतो.

आता चुलतभावाच्या फटक्याबद्दल. २०२५ च्या फेब्रुवारीत मेरीलँडला राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीला एका संघीय संस्थेतून ईमेल आलं. ती नवीन लागली होती, परिवीक्षेचा काळ चालू होता. तिचं काम समाधानकारक नाही असं त्यात लिहिलं होतं. महिन्याभरापूर्वीच्या तिच्या कामाच्या अहवालात नेमकं उलट होतं. अशी ईमेलं त्या दिवसांत हजारोंना गेली. त्याआधी, २० जानेवारीला, धोरणविषयक काम करणारी कायम पदं वेगळ्या वर्गात टाकून त्यांचं संरक्षण काढण्याचा २०२० मधला आदेश पुन्हा लागू झाला होता. सरकारच्याच अंदाजानं ती पदं ५०,००० च्या आसपास आहेत. मैत्रीण दोन तास फोनवर बोलत होती. शेवटी म्हणाली, "कामासाठी काढलं असतं तर सहन केलं असतं गं. पण मला त्यांनी बघितलंसुद्धा नाही."

तिचा तो आवाज मी ओळखला. आईनं 'प्रशासकीय कारणास्तव' हे शब्द वाचले तेव्हा तिचा आवाज असाच झाला होता.

म्हणून दादा, तुला माझं सांगणं आहे. कामचुकार माणूस हलवता आला पाहिजे हे मला मान्य आहे, मी रोज अशा दोघांबरोबर काम करते. पण तो हलवायचा तर कारण लिहून, त्याला दाखवून, त्याचं ऐकून. ज्या दिवशी कारण न देता हलवायची मुभा मिळते, त्या दिवशी पहिला बळी कामचुकार माणसाचा जात नाही. त्याला कोणाशी कसं जुळवून घ्यायचं ते ठाऊक असतं. बळी जातो एमबीवर सही न करणाऱ्याचा.

आणि माझ्या पुतण्या, तुझ्या परीक्षेची लढाई खरी आहे, ती लढच. पण अभ्यासिकेतल्या शंभर पोरांनी मिळून तारखेबरोबर आणखी एक मागणी करावी अशी माझी इच्छा आहे. आमदार, खासदार, मंत्री यांचं बदलीसाठीचं पत्र स्वीकारायला कार्यालयालाच कायद्यानं मनाई असावी. फोन आला तर त्याची तारीख, वेळ आणि नाव फाइलवर लिहावं आणि ते बदलीच्या आदेशाबरोबर सगळ्यांना बघता यावं. मुदतीआधीच्या प्रत्येक बदलीचं 'विशेष कारण' एका वाक्यात संकेतस्थळावर टाकावं. फोन थांबणार नाहीत, हे मला कळतं. पण समोरच्या बाजूला जो कारकून तो फोन उचलतो, त्याच्या हातात "साहेब, मला हे घेता येत नाही" म्हणायला कायद्याचं एक वाक्य तरी असेल. बाबांच्या हातात तेवढंही नव्हतं.

दिवाळीनंतर बाबांना मी एकटीनं फोन केला. ते आता ऐंशीच्या पुढं गेले आहेत, ऐकायला कमी येतं. दहावं कलम मी मराठीत करून त्यांना सावकाश वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"कागद घ्यायचाच नाही, असं लिहिलंय?"

"हो बाबा."

"साल?"

"अठराशे त्र्याऐंशी."

पलीकडून ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग आईला चष्मा कुठं आहे ते विचारल्याचा. "थांब जरा," ते म्हणाले, "कलमाचा नंबर परत सांग, लिहून घेतो."